शिकवणीचं मेजरमेंट बुक

"बाई, बाकी सगळं ठीक आहे. पण बिल आलं की मी माप कशाचं घेऊ?"

पंचायत सचिवांनी हे विचारलं तेव्हा मला राग आला होता. गावातल्या शाळा सुटलेल्या मुलांसाठी आणि मोठ्या माणसांसाठी पंचायतीने स्वतः वर्ग चालवावेत, अशी मागणी घेऊन मी गेले होते आणि त्यांना मापाची पडली होती. पुढच्या अडीच वर्षांत कळलं की त्या दिवशी खोलीतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. गटार बांधलं की इंजिनियर टेप लावतो, लांबी, रुंदी, खोली मेजरमेंट बुकात चढवतो, मग बिल पास होतं. काम करून घ्यायची पंचायतीला एवढीच रीत ठाऊक. शिकवणं कसं करून घ्यायचं हे तिथे कुणाला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमचा गाव खाणीवर जगलेला. २०१२ साली खाणी पहिल्यांदा बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. दारात ट्रक उभा असायचा त्या काळात नववीतून शाळा सोडलेला मुलगा कुणाला खटकत नव्हता. दहावी होऊन जे मिळणार त्यापेक्षा जास्त तो पहिल्याच वर्षी कमवायचा. ती मुलं आता पस्तिशी-चाळिशीची आहेत. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी आहेत त्यांत, आणि ही गोष्ट मला आजही टोचते. आम्ही मास्तर लोकांनी तेव्हा त्यांना पुरेसं अडवलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला. गावातली पाच-सात मुलं मुलाखतीला जाऊन आली. एकाने मला रस्त्यात सांगितलं, "बाई, काम काय ते मला येतं. पण त्यांनी इंग्रजीत नाव-गाव विचारलं आणि माझी जीभच वळली नाही." त्याच महिन्यातल्या रविवारच्या ग्रामसभेत मी उठून उभी राहिले.

सोबत एक झेरॉक्स नेली होती. ७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला अकरावी अनुसूची जोडली, त्यात पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. सतरावा शिक्षण, अठरावा तांत्रिक आणि व्यवसाय शिक्षण, एकोणिसावा प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षण, विसावा ग्रंथालयं. रस्ते आणि दिवे जितके पंचायतीचे, तितकेच हेही. सभेतले एक पंच, म्हणजे पंचायतीचे सदस्य, म्हणाले की शिक्षण हे शिक्षण खात्याचं काम. मी कागद त्यांच्या हातात दिला. ठराव मंजूर झाला. नुसत्या ठरावाने काही होत नाही हे मला माहीत होतं, म्हणून त्यातच पाच जणांची समिती नेमायला लावली: दोन पंच, स्वयंसहाय्य गटाची एक बाई, आयटीआय झालेला एक तरुण आणि मी.

पहिलं वर्ष हातचं गेलं. त्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा आधीच तयार होऊन पोर्टलवर चढला होता, आणि आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा टाकता येत नाही. पुढच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होणार होती. कुणाला असं काही करायचं असेल तर आराखड्याचं हे वेळापत्रक आधी बघून घ्यावं. मी ते बघितलं नव्हतं.

पण ते महिने वाया गेले नाहीत. आम्ही घरोघर फिरलो. पहिल्या वाड्यावर विचारलं, "तुम्हाला काय शिकायला आवडेल?" ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच उत्तर, "कंप्युटर." म्हणजे काय करायचंय, असं पुढे विचारलं की गप्प. पाहुण्याला काय घेणार विचारलं की तो चहा म्हणतो, तसलं ते उत्तर. दोन संध्याकाळी अशा गेल्यावर गटाच्या बाईने प्रश्नच बदलला. "गेल्या महिन्यात कुठलं काम तुम्हाला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं?" मग माणसं बोलायला लागली.

गृह आधार या गृहिणींच्या अर्थसाहाय्य योजनेचा फॉर्म भरून घेतला, त्याचे पैसे मोजले. बँकेने केवायसी मागितलं, भाच्याला फोन दिला, त्याने काय केलं ते माहीत नाही. विजेचं बिल शेजारचा मुलगा भरतो. सासूच्या हयातीच्या दाखल्यासाठी अर्धा दिवस गेला. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढायला साखळीला जावं लागलं, तो घरच्या फोनवरही बघता येतो हे कुणी सांगितलंच नाही. एका गृहस्थांनी बराच वेळ काही सांगितलं नाही. मग आत जाऊन बँकेचं एक पत्र घेऊन आले. सहा महिने जुनं, फोडलेलं, घडी तशीच. "हे वाचून दाखवायला कुणाला सांगू? ट्रकच्या कर्जाचं आहे. गावभर होईल." ते पत्र मी त्यांच्या ओसरीवर बसून वाचलं. त्या दिवशी पुढची घरं केली नाहीत.

तरुण मुलांचं वेगळं होतं. नववीत बसलेली, दहावीला गणितात राहिलेली, मग दुकानात किंवा हॉटेलात लागलेली. त्यांना शिकवणीचं नाव काढलेलं नको होतं, शाळेने त्यांना पुरेसं दुखावलं होतं. पण 'मुक्त विद्यालयातून दहावी, मराठी माध्यमातून' म्हटल्यावर कान टवकारले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्याला दहावीला बसता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि आधीच्या बोर्डात सुटलेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. एका पोराने हे तीनदा विचारून घेतलं. "म्हणजे माझी मराठी आणि समाजशास्त्र धरतील? परत नाही द्यायची?" त्याच्या आईला मी शिकवलेलं. ती मागे दाराआड उभी राहून ऐकत होती.

मग पैशांचा प्रश्न. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला, उरलेला ४० टक्के मोकळा. पण त्या मोकळ्या पैशांतूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. शिकवणाऱ्याचं मानधन हा पगार धरायचा की नाही? सचिवांनी वर लेखी विचारलं. एका कार्यालयातून दुसऱ्याकडे फाइल गेली, शेरा आला की शिक्षणाचा विषय संबंधित खात्याकडे मांडावा. मी पुन्हा झेरॉक्स जोडली, सोबत १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याची पहिली अनुसूचीही जोडली. तीन महिने उत्तर नाही. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. टेबलं, फळा, पुस्तकांचं कपाट आणि दोन संगणक मोकळ्या निधीतून आराखड्यात धरायचे, आणि शिकवणीचा खर्च पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, घरपट्टी आणि परवाना शुल्कातून करायचा. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःच्या पैशाला जाब कमी लोक विचारतात, पण तो जमवायलाही लागतो. सरपंचांनी त्या वर्षी थकलेली घरपट्टी स्वतः दारोदार जाऊन गोळा केली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सरपंचांबद्दल असं कुणी लिहीत नाही.

जागेवरून दोन बैठका गेल्या. देवळाचा सभामंडप फुकट होता, पंखे होते, सगळ्यांच्या ओळखीचा होता. आम्ही चौघांनी जवळजवळ ठरवलंच होतं. गटाच्या बाईने शांतपणे सांगितलं, "महिन्यातले चार दिवस बायका मंडपात येणार नाहीत. आणि खालच्या वाड्यावरची मुसलमानांची दोन घरं तर येणारच नाहीत. मग वर्ग कुणासाठी?" तीस वर्षं मुलींना शिकवूनही हे मला सुचलं नव्हतं. पटसंख्या घटून बंद झालेली मराठी प्राथमिक शाळा गावात होती. ती वापरायची परवानगी मागितली, आणि ती मात्र लवकर मिळाली. कौलं शाकारून घेतली. पहिल्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा भिंतीवर बाराखडीचा तक्ता तसाच होता.

आता कामाचा तपशील लिहायचा होता, ज्यावर संस्थांकडून दरपत्रकं मागवायची. माझा पहिला मसुदा म्हणजे एका संगणक वर्गाच्या पत्रकाची नक्कल होती: ३० विद्यार्थी, ९० तास, शेवटी प्रमाणपत्र. सचिवांनी वाचून पुन्हा तेच विचारलं. "९० तास झाले, ३० सह्या आहेत, प्रमाणपत्रं वाटली. पण त्या बाईला फॉर्म भरता येत नाही. मी बिल पास करायचं की नाही?" तेव्हा मला त्यांचा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला.

आम्ही ती वही तेव्हा आखली. सचिव तिला गमतीने नाही, अगदी सरळ, मेजरमेंट बुकच म्हणायचे. प्रत्येक शिकणाऱ्याला एक पान. वर त्याने स्वतः सांगितलेली तीन कामं, त्याच्याच शब्दांत. 'पासबुकातल्या नोंदी समजून घेणे.' 'विजेचं बिल भरणे.' 'मुलाखतीत पाच मिनिटं इंग्रजीत बोलणे.' 'बँकेला उत्तराचं पत्र लिहिणे.' त्याने ते काम समितीतल्या एकासमोर करून दाखवलं की तारीख आणि दोघांच्या सह्या. संस्थेला पैसे तीन हप्त्यांत: पहिला महिनाभर वर्ग चालल्यावर, दुसरा अर्ध्यात, तिसरा वहीतली पानं बघून.

दहावीच्या मुलांबाबत समितीत भांडण झालं. एका पंचांचं म्हणणं, जितके पास तितके पैसे. ऐकायला चोख वाटतं. पण मी शाळेच्या निकालाचे टक्के वाढवायचे प्रकार आयुष्यभर पाहिले आहेत. कच्चं पोर नववीतच अडकवायचं, म्हणजे दहावीचा निकाल चांगला लागतो. पैसे पासावर ठेवले तर संस्था हुशार मुलं निवडून घेईल आणि ज्यांच्यासाठी वर्ग काढला तेच बाहेर राहतील. म्हणून आम्ही पास नाही धरला. धरलं ते असं: नाव नोंदवलेल्यांपैकी किती जण परीक्षेच्या खोलीत जाऊन बसले, आणि मधेच गळालेल्याच्या घरी संस्थेचा माणूस गेला होता का. यावर मी हट्ट धरला आणि तो सोडला नाही.

दोन अटी आणखी होत्या. शिकवायचं कोकणीतून आणि मराठीतून, कारण आमच्याकडे बोलणं कोकणी, वाचणं मराठी आणि सरकारी फॉर्म इंग्रजीत असा तिपेडी प्रकार आहे. आणि वेळ: बायकांचा वर्ग दुपारी ३ ते ४.३०, मुलांचा आणि पुरुषांचा रात्री ७ ते ८.३०.

दरपत्रकं मागवायच्या सुमारास, १६ मार्च २०२४ ला, लोकसभेची आचारसंहिता लागली. नवा कार्यादेश देता येईना. ७ मेला गोव्यात मतदान झालं, जूनमध्ये निकाल लागून आचारसंहिता उठेपर्यंत पाऊस सुरू. लावणी, मग चतुर्थी. ज्या बायकांनी वर्षापूर्वी नावं दिली होती त्या वाटेत भेटल्या की विचारायच्या, "बाई, ते वर्गाचं राहिलं ना?" हे दर आठवड्याला ऐकणं जड गेलं.

दरपत्रकं तीन आली. सगळ्यात कमी दर शहरातल्या एका संगणक संस्थेचा. नियम कमी दराकडे बोट दाखवतो. पण आमच्या तपशिलात वेळ लिहिलेली होती आणि त्यांनी लिहिलं होतं, 'सकाळी ११ ते १, सोयीनुसार.' ११ ते १ म्हणजे चुलीपुढची वेळ. सचिवांनी अटीत न बसणारं म्हणून ते बाजूला ठेवलं, कारण लेखी नोंदवलं, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संस्थेला काम दिलं. वेळ तपशिलात लिहिलेली नसती तर आमच्या हातात काही नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू झाले. दुपारी २२ बायका, रात्री १७ जण, त्यातले ९ मुक्त विद्यालयाचे. पहिल्या महिन्यात शिकवणारी व्यक्ती तीनदा बदलली. बायकांनी एकीशी ओळख करून घ्यावी, अडखळत विचारायला लागावं, आणि सोमवारी नवी मुलगी. पाच बायका यायच्या थांबल्या. शिकवणारी व्यक्ती बदलायची नाही, बदलली तर आधी समितीला सांगायचं, ही अट आम्ही घातलीच नव्हती. संस्थेशी भांडायला कागदावर काही आधार नव्हता, म्हणून विनवणी केली. चौथी आली ती डिचोलीचीच, राहिली, आणि तिने गळालेल्या पाचांपैकी तिघींना घरी जाऊन परत आणलं.

दुसरी चूक हंगामाची. आम्ही सलग आठ महिने आखले होते. फेब्रुवारीत काजू पडायला लागला आणि दुपारचा वर्ग ओस पडला. बोंडू गोळा करायचे की पासबुक वाचायचं, यात निवड कसली? कुणाचीच चूक नव्हती, आमच्या आखणीची होती. रातोरात वेळ बदलली, आठवड्यात दोनच दिवस ठेवले, तेही उन्हं कलल्यावर. दुसऱ्या वर्षाच्या आराखड्यात चतुर्थी, जत्रा, शिगमा आणि काजू धरूनच महिने मांडले.

रात्रीच्या वर्गात ते बँकेच्या पत्राचे गृहस्थ मागच्या बाकावर बसायचे. त्यांच्या पानावर पहिलं काम होतं, पत्र लिहिणे. मार्चमध्ये त्यांनी बँकेला मराठीत पत्र लिहिलं, तडजोडीने कर्ज मिटवण्याबद्दल. तीन कच्चे खर्डे, चौथा पक्का. पोच घेऊन आले आणि पोचपावती वहीला टाचली. मुक्त विद्यालयाच्या नवांपैकी सात जण पेपरला बसले. गणितात राहिलेला तो पोरगा पुन्हा गणितात राहिला. पुढची संधी तो घेणार आहे, फी भरली आहे.

तिसऱ्या हप्त्याचं बिल करायच्या दिवशी सचिव वही घेऊन बसले. पान उलटायचे, सही बघायचे, एखाद्या ठिकाणी विचारायचे, "हे खरंच तिने एकटीने केलं?" दोन पानांवर त्यांनी सही केली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मग ३० मे २०२५ आला. घटक राज्य दिनी गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. 'उल्लास' या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातला ९५ टक्क्यांचा निकष राज्याने ओलांडला होता. जुलैच्या ग्रामसभेत दुसऱ्या वर्षाची तरतूद आली तेव्हा एक पंच उठले. "गोवा पूर्ण साक्षर झाला. आता प्रौढांच्या वर्गावर पंचायतीने पैसे का घालायचे?" प्रश्न वाईट हेतूने नव्हता, सभेत बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मी सांगायला उठणार होते की उल्लासचेच पाच भाग आहेत, अक्षरओळख आणि अंकज्ञान हा त्यातला पहिला, पुढे जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. माझ्याआधी दुपारच्या वर्गातली एक बाई उठली. साठीच्या आसपासची. ग्रामसभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

तिला वाचता येतं, ती चौथी शिकलेली. तिच्या पानावरचं तिसरं काम होतं एक-चौदा काढणे. वर्गात तिने स्वतः तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग घातला आणि उतारा समोर आला. कब्जेदाराच्या रकान्यात सासऱ्यांचं नाव. सासरे जाऊन वीस वर्षं झालेली. नवऱ्याचं नाव नाही, तिचं नाही. आमच्याकडच्या कायद्याने लग्नाचा वेगळा करार नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्धे-अर्धे भागीदार, हे तिला ऐकून माहीत होतं. कागदावर काय आहे ते तिने त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

सभेत ती एवढंच म्हणाली, "अक्षरं मला लहानपणापासून येतात. कुठला कागद बघायचा ते मला या वर्गात कळलं. माझं अजून शिकून झालेलं नाही."

तरतूद मंजूर झाली, दोघांनी विरोध नोंदवला. या वेळच्या तपशिलात शिकवणारीचं नाव आहे, काजूचे महिने आहेत, आणि महिन्यातून एक दिवस म्युटेशन (उताऱ्यावरचं नाव बदलणं), इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातून होणारी वाटणी) यांसारखे जमिनीचे कागद समजावणारा वकील आहे. सभा संपल्यावर ती बाई वही मागायला आली. तिच्या पानावरची तिन्ही कामं सह्या होऊन पुरी झाली होती. खाली थोडी जागा होती. तिथे तिने स्वतःच्या हाताने चौथं काम लिहिलं, 'रकान्यात नाव घालणे', आणि सहीची जागा मोकळी ठेवून वही सचिवांकडे सरकवली.